झोपायच्या परीक्षेत नापास

चेकरबाईंना जगात काहीच आवडत नाही, असं लोक म्हणायचे. साफ खोटं आहे. दुसऱ्याची चूक त्यांना फार आवडायची. शर्ट शिवायच्या कारखान्यात शेवटचं टेबल त्यांचं. शंभर मशिनं दिवसभर खडखडून जे काही बाहेर टाकतील ते या टेबलावर यायचं, आणि बाई त्याच्याकडे अशा बघायच्या की शर्टालाच घाम फुटावा. कॉलर ओढून बघ, बाही उलटी कर, बटण पिळून बघ. दोष सापडला की लाल कागदी बाण घ्यायचा आणि बरोब्बर त्या टाक्यावर चिकटवायचा. नाहीच सापडला, तर आतल्या पट्टीवर सात नंबरचा शिक्का. शिक्का मारताना त्यांचं तोंड काढा प्यायल्यासारखं व्हायचं.

बाणावर गोष्ट थांबली असती तर ठीक होतं. पण बाईंनी एक शिरस्ता पाडला होता. ज्याच्या कामाला बाण लागेल त्याने जेवणाच्या सुट्टीत मधल्या वाटेवरच्या स्टुलावर उभं राहायचं, तो शर्ट दोन्ही हातांनी वर धरायचा, आणि पाच मिनिटं सगळ्यांनी डबा खाता खाता त्याच्याकडे बघायचं. "त्याशिवाय अद्दल घडत नाही," बाई म्हणायच्या. मॅनेजरला हे पसंत होतं, कारण त्याला यात काही खर्च नव्हता. आणि बाकीच्यांना? स्टुलावर आपण नसलो की कुणालाही काही वाटत नाही, माणसाची जातच तशी.

घरीही बाईंनी एक बाण कायमचा चिकटवून ठेवला होता. नवऱ्याला.

नवरा पंपवाला. शहराच्या पाण्याच्या टाकीखाली एक दगडी पंपघर होतं, तिथे तीन पंपांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं हे त्याचं काम. पंप घरघरत असले की हा डुलक्या काढायचा. तेव्हा त्याच्या कानाशी ढोल बडवला तरी ढिम्म. पण तिघांतला एक जरी पंप बंद पडला तरी हा टुणकन उभा, चार पावलांत पंपापाशी, एक बटण, एक थाप, की पंप चालू. आवाज थांबला की जागा होणारा माणूस. पंपघरात सगळ्यांना याचं कौतुक होतं. बाईंना नव्हतं.

"खुर्चीत पेंगायचा पगार घेतात," त्या कारखान्यात सांगायच्या. "बरोबरीचे सगळे मुख्य पंपवाले झाले, हे आहेत तिथेच. का? तर बढती हवी असेल तर रात्रपाळी करावी लागते, आणि यांना म्हणे रात्री घर सोडवत नाही. सव्वीस वर्षं! भित्रा तो भित्राच."

आणि मग पाण्याचा घोट घेऊन खरा विषय. "शिवाय घोरतात. असे घोरतात, असे घोरतात, की विचारू नका. भोंगा आहे नुसता भोंगा! वर मला झोपेत ढोसतात. डोळा लागला रे लागला की खांद्यावर धपका. जागी होऊन बघते तर स्वारी उशीवर कोपर टेकून, डोळे टक्क उघडे, साळसूद! जसं काही केलंच नाही."

बायका खो खो हसायच्या. कारखान्यात त्याचं नावच पडलं भोंगा. एकदा तो बाईंचा विसरलेला डबा द्यायला दारापर्यंत आला, तर आतून कुणीतरी तोंडाने भोंगा वाजवला. त्याने डबा पहारेकऱ्याच्या हाती दिला आणि हसून परत गेला. हसला म्हणून बाईंना तो आणखीच बावळट वाटला.

घोरण्याबद्दल बाई खोटं बोलत नव्हत्या बरं का. पुरावा होता. फार वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तणतणत वर आले होते. "काय हो हा प्रकार? छत हलतंय आमचं! माणसांनी झोपायचं की नाही?" तेव्हा पंपवाला दारात पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, घोरणारा मी आहे. सांगायचं ते मला सांगा." आता गुन्हेगारानेच कबुली दिल्यावर आणखी काय हवं?

बाईंनी त्याला स्वयंपाकघरात हाकललं होतं, एकदा नव्हे दहादा. रात्री वळकटी घेऊन मुकाट जायचा, आणि सकाळी बघावं तर पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर. "लोचट मेला," बाई म्हणायच्या. अर्थात तोंडावर 'अहो'च. आपल्याकडे नवऱ्याची किंमत शून्य करायची असली तरी 'अहो' लावून करतात.

गेली दोन-तीन वर्षं मात्र बाईंचं काही खरं नव्हतं. सकाळी डोकं ठणकायचं. दुपारी टेबलाशी शर्ट हातात, डोळे उघडे, आणि आतला दिवा बंद. बोटं सवयीने कॉलर ओढत, बाही उलटत, शिक्का मारत. आणि अशातच तो गठ्ठा आला.

काजाचं मशीन आधी काजाभोवती टाके घालतं, मग वरून पातं येऊन मधे चिरतं. त्या दिवशी पातं मोडलं आणि काजवालीच्या लक्षात आलं नाही. दोनशे चाळीस शर्ट, प्रत्येकाला सात काजं, आणि एकही चिरलेलं नाही. कॉलर झकास, शिलाई झकास, फक्त बटण लावायला भोक नाही. असले दोनशे चाळीस शर्ट आपल्या बाईंच्या हाताखालून गेले आणि दोनशे चाळीस पट्ट्यांवर सात नंबरचा शिक्का उमटला. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला, वर एक ओळ लिहून: शर्ट सुंदर आहेत, घालायचे कसे तेवढं कळवा.

काजवाली तीन दिवस स्टुलावर उभी राहिली. बाईंनीच उभी केली. "बाई, पातं मोडलं ती चूक माझी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "पण शिक्का?"

"तोंड वर करून बोलू नकोस," बाई म्हणाल्या.

मॅनेजरपुढे मात्र तोंड वर करायची पाळी बाईंचीच होती. त्यांनी तयार उत्तर दिलं. "साहेब, घरी रात्रभर भोंगा. डोळ्याला डोळा लागत नाही. माणूस आहे मी, मशीन नाही."

"मग भोंगा बंद करा," मॅनेजर म्हणाला. "पुन्हा असा एक गठ्ठा परत आला, तर टेबल सोडायचं आणि धागे कापायला बसायचं."

धागे कापणं म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात खालचं काम. फरशीवर बसून शर्टाचे लोंबते धागे छाटायचे. नवीन आलेलीला देतात. ते टेबल गेलं तर त्यांच्याजवळ उरणार काय? त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या दंडाला धरून त्या इस्पितळात गेल्या.

डॉक्टरांनी पंपवाल्याला विचारलं, "घोरता का?"

त्याने बायकोकडे बघितलं. "म्हणतात तसं."

"सकाळी डोकं दुखतं?"

"दुखतं म्हणजे? ठणकतं नुसतं!" बाई म्हणाल्या.

"तोंड कोरडं पडतं?"

"लाकूड होतं तोंडाचं!"

"दिवसा काम करताना डुलकी लागते?"

"अहो डॉक्टर, उभ्या उभ्या लागते!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी हे यांना विचारतोय."

"मी यांचंच सांगतेय," बाई म्हणाल्या, आणि तोंडावर रुमाल धरून एक लांबलचक जांभई दिली. बाहेर रांग होती. डॉक्टरांनी कागदावर पंपवाल्याचं नाव टाकलं आणि तपासणी लिहून दिली.

घरी न्यायचं यंत्र होतं ते. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि उशाशी ठेवायची एक छोटी पेटी, खोलीतला आवाज टिपणारी. झोपेच्या विभागातल्या तपासणीवाल्या मुलीने सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, "झोपेत काहींचा घसा मिटतो, श्वास अडकतो. अडकला की शरीर धडपडून जागं होतं, पण माणसाला पत्ता नसतो. काका, तुम्ही फक्त झोपायचं."

तिसऱ्या दिवशी निरोप आला: तपासणी रद्द. व्यक्ती झोपलेली नाही.

बाईंचा विश्वासच बसेना. "अहो, झोपायचं होतं फक्त! वाचायचं नाही, लिहायचं नाही, आडवं पडून डोळे मिटायचे. झोपायच्या परीक्षेत नापास झालेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही!" पुन्हा यंत्र आणलं, पुन्हा पट्टा, पुन्हा नळी. पुन्हा तोच निरोप. व्यक्ती झोपलेली नाही.

कारखान्यात हा किस्सा आठवडाभर पुरला. पण हसून झालं की बाईंना टेबल आठवायचं. तपासणीचा कागद मिळाल्याशिवाय उपचार नाही, उपचाराशिवाय झोप नाही. शेवटी एका सकाळी नवऱ्याला पुढे घालून त्या तपासणीवालीवर चालून गेल्या.

"तुमचं यंत्रच बिघडलंय," त्यांनी दारातूनच सुरुवात केली. "मी चेकर आहे. बिघडलेली वस्तू मला लांबून कळते."

"यंत्र ठीक आहे, काकू. मी तुम्हाला फोन करणारच होते," ती म्हणाली. "बसा. काका, पेटी तुमच्या उशाशी ठेवायची होती ना? ती दोन्ही वेळा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती."

"तिकडेच जागा होती," पंपवाला म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

तिने आवाज लावला.

आधी घरघर. मोठी, ओली, खरखरीत घरघर, दगडावरून लोखंडी कपाट ओढल्यासारखी. बाईंनी विजयाने नवऱ्याकडे बोट केलं. "ऐका! हेच ते!"

"काकांच्या नाकाशी नळी होती," तपासणीवाली म्हणाली. "त्यांचा श्वास इथे दिसतोय बघा, संथ. हा आवाज त्यांचा नाही."

घरघर वाढत गेली आणि मधेच तुटली. काहीच नाही. ना श्वास, ना उसासा. बाईंना वाटलं यंत्र बंद पडलं. मग पलंग करकरला. एक हलकी थाप. आणि पुरुषाचा दबका आवाज: "अगं. अगं, श्वास घे. घे बरं." पुन्हा थाप. मग बुडता माणूस वर यावा तसा एक जोरदार हुंदका घेत कुणीतरी श्वास ओढला, आणि बाईंचा स्वतःचा आवाज झोपेत खेकसला: "ढोसू नका हो!"

तपासणीवालीने आवाज बंद केला.

"आवाजावरून नक्की सांगता येत नाही, तुमची वेगळी तपासणी करावी लागेल," तपासणीवाली म्हणाली. "पण असं एका रात्रीत त्रेसष्ट वेळा झालंय. त्रेसष्ट वेळा काका उठून बसलेत. त्यांचा पट्टा तेच दाखवतोय. झोपणार कधी ते?" मग ती त्याच्याकडे वळली. "काका, तुम्ही यांना कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," पंपवाले म्हणाले. (इथून पुढे आपणही त्यांना मान देऊ, उशिरा का होईना.) "लग्नाला वर्ष झालं तेव्हा. म्हटलं, तू घोरतेस आणि मधेच थांबतेस. तर ही रागावून माहेरी गेली. तीन आठवडे. म्हणाली, बाईमाणूस घोरतं का कधी?"

"मग?"

"मग जाऊन म्हटलं, माझीच चूक झाली, मीच घोरतो. त्या तीन आठवड्यांत मला झोप नाही लागली. म्हटलं, तिकडे हिला उठवत कोण असेल?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा बाई पगार घ्यायच्या, आणि स्वतःच्या डोळ्यात सव्वीस वर्षं मुसळ घेऊन हिंडत होत्या. रात्रपाळी. बढती. पलंगाचा पायथा. पहारेकऱ्याच्या हातातला डबा. एकेक गोष्ट टेबलावर येऊन पडू लागली, आणि प्रत्येकीच्या आतल्या पट्टीवर सात नंबरचा शिक्का होता.

बाईंची तपासणी झाली. त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या, म्हणजे आजार पक्का निघाला. नाकावर बसवायचा मुखवटा आला, त्याला नळी, नळीला हवा सोडणारं यंत्र. पहिल्याच दिवशी बाईंनी त्या मुखवट्यावर तीन लाल बाण चिकटवले. पट्टा फार घट्ट, रबर निकृष्ट, घडण ओबडधोबड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण आठवड्याभरात डोकं ठणकायचं थांबलं, आणि दुपारी टेबलाशी आतला दिवा लागलेला राहू लागला.

डोकं जागेवर आल्यावर पहिली गोष्ट दिसली ती काजवाली. जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून ती अजून त्या परत आलेल्या शर्टांची काजं हाताने चिरत होती. बाईंनी तिच्या गठ्ठ्यातला एक न चिरलेला शर्ट उचलला. लाल बाण काढला. काजावर नाही, आतल्या पट्टीवरच्या शिक्क्यावर चिकटवला. आणि सगळ्यांच्या देखत स्टुलावर चढल्या.

चमचे थांबले.

"हा बाण माझा आहे," बाई म्हणाल्या. "काजवालीचा नाही. मी न बघता शिक्का मारला आणि तिला उभी केली." घसा कोरडा पडला होता, आणि आता त्याला आजाराचं निमित्त नव्हतं. "आणि दुसरं. घरी भोंगा आहे म्हणून सांगत होते ना? तो भोंगा मी आहे. ते मला रात्रभर उठवत होते, मी मरू नये म्हणून."

मग मागून कुणीतरी तोंडाने भोंगा वाजवला आणि अख्खा कारखाना हसत सुटला. कुणाला दया आली नाही. का यावी? बाईंनी कधी कुणाला दाखवली होती? त्या शर्ट वर धरून पुरी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मॅनेजरने त्यांना त्याच दिवशी टेबलावरून उठवलं आणि धागे कापायला बसवलं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. काजवालीने जाता जाता आपली कात्री त्यांच्यापुढे ठेवली. "हिला धार आहे," एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी बाई मुखवटा लावून आडव्या झाल्या. पंपवाले पलंगाच्या कडेला बसले होते, डोळे टक्क उघडे. यंत्र आल्यापासून त्यांना झोपच नव्हती.

बाईंनी मुखवटा वर सरकवला. "अहो, झोपा की."

"आवाजच नाही गं," ते म्हणाले. "पंप बंद पडल्यासारखं वाटतं. तू झोप, मी आहे."

"तुम्ही आहातच हो," बाई म्हणाल्या, आणि पुढे काहीतरी चांगलं बोलायचं होतं ते त्यांना जमेना, सवय नव्हती. त्यांनी नवऱ्याचा हात ओढला आणि यंत्राच्या नळीवर ठेवला. "हे थरथरतंय ना? थांबलं की उठा. तोवर झोपा."

पाइपवर हात ठेवला की पंपवाल्याला पंप कळतो. त्यांनी जरा वेळ अंदाज घेतला, मान हलवली, आणि हात तसाच ठेवून आडवे झाले. पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. सव्वीस वर्षांची राहिलेली झोप, ती काय गप्प बसते? ते घोरू लागले. खरेखुरे, खिडकीची काच वाजेल असे.

बाईंचा हात आपसूक उठला, धपका घालायला. त्यांनी तो खाली घेतला. मुखवटा पुन्हा नाकावर ओढून त्या ऐकत राहिल्या. घरघर, न तुटता, न अडखळता, एकसारखी. या आवाजात दोष नव्हता.

तेवढ्यात खालून छतावर काठी ठोकल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. मग जिन्यावर तणतणती पावलं.

बाईंनी मुखवटा काढला. यंत्र चालूच ठेवलं, नळी नवऱ्याच्या हाताखाली थरथरत राहील अशी. अनवाणी पायांनी जाऊन त्यांनी दार उघडलं आणि बाहेर होऊन ते मागे ओढून घेतलं. खालचे गृहस्थ शेवटच्या पायरीवर होते, बोट वर केलेलं, तोंड उघडलेलं.

"हळू बोला, भाऊ," बाई म्हणाल्या. "घोरणारी मी आहे. सांगायचं ते मला सांगा."